परसात ऊनच येत नाही. १४ बाय २२ फुटांत बाग कशी बसवावी?

शाहूपुरीकर

नमस्कार मंडळी. दिवाळीत आम्ही साताऱ्यात शाहूपुरीतल्या नव्या रो-हाऊसमध्ये राहायला आलो. घराच्या मागे उत्तरेला परस आहे. पूर्व-पश्चिम २२ फूट आणि घराच्या भिंतीपासून कंपाउंडपर्यंत १४ फूट. घर दुमजली, गच्चीच्या कठड्यापर्यंत साधारण २२ फूट उंच. कंपाउंड पाच फुटी. जमीन काळी, वर बिल्डरने टाकलेला राडारोडा. गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचा पाइप ईशान्येच्या कोपऱ्यात खाली येतो, तिथेच चेंबर आहे. पश्चिमेच्या भिंतीवरून यवतेश्वरचा डोंगर दिसतो, घर घेताना आम्हाला भुरळ पडली ती त्याचीच.

अडचण अशी की आम्ही आल्यापासून परसात दुपारी ऊन असं येतच नाही. सगळा चौक घराच्या सावलीत असतो. एका बागकाम कंत्राटदाराने कॉम्प्युटरवर चित्र काढून दिलं आहे. सगळीकडे कृत्रिम हिरवळ, मधोमध कारंजं, पांढरे गोटे आणि कोपऱ्यात छत्रीसारखा मंडप. चित्र देखणं आहे, पण त्यात आमच्या घरची माणसं कुठे बसणार ते मला दिसत नाही.

घरात सासरे आहेत, आम्ही त्यांना दादा म्हणतो, वय ७८, दोन्ही गुडघे दुखतात. संध्याकाळी त्यांना बाहेर बसायचं असतं. सासूबाईंना पूजेची फुलं हवीत. मुलगी पाच वर्षांची. यजमानांच्या मनात हिरवळ आणि झोपाळा आहे. बजेट ८० हजारांच्या आसपास.

सावलीत तगणारी फुलझाडं कोणती ते सांगा. फरशी कोणती घालावी, बसायला काय घ्यावं, तेही सांगितलंत तर बरं होईल.

मातीकाम (वाई)

ताई, सावलीतल्या झाडांची यादी आत्ताच करू नका. तुमच्या परसात ऊन नाही ते फक्त या दिवसांत. मी वाई, सातारा, कराड या पट्ट्यात घरगुती बागांची कामं करते. उत्तरेचं परस मिळालेले लोक थंडीत हेच विचारतात, आणि सगळीकडे मनीप्लांट नि नेचे लावून मोकळे होतात. मग एप्रिलात ते सगळं करपतं.

हिशेब सोपा आहे. सातारा साधारण १७.७ अक्षांशावर. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला आपल्याकडे भर दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून जेमतेम ४९ अंश वर असतो. २२ फुटी घराची सावली तेव्हा १९ फूट पडते आणि तुमचं परस आहे १४ फूट. म्हणजे सावली कंपाउंडपर्यंत पोचून तिथे सहा फूट उंच चढते. २१ मार्चला हीच सावली सात फुटांवर येते, म्हणजे अर्धं परस उन्हात. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा भर दुपारी घराची सावली परसात पडतच नाही. तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, शिवाय सकाळ-संध्याकाळची उन्हंही ईशान्येकडून नि वायव्येकडून थेट परसात येतात.

यावरून जागेचे दोन भाग आपोआप पडतात. घरालगतच्या सात फुटांत सप्टेंबरअखेरपासून मार्चपर्यंत दुपारचं ऊन नाही. कंपाउंडलगतच्या पट्टीत फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ते आहे. माणसं घराकडे बसतील, झाडं कंपाउंडकडे राहतील. मधली जागा मात्र कृपा करून मोकळी सोडा. तीनशे चौरस फुटांच्या परसात मधोमध कारंजं बसवलं की उरतो तो त्याच्याभोवती फिरायचा बोळ, आणि मग दादांची खुर्ची, मुलीची सायकल, वाळवणाची खाट यांतलं काहीच तिथे मावत नाही. आपल्या जुन्या घरांचं अंगण मोकळं असायचं म्हणूनच त्यात सगळी कामं व्हायची.

आता कागदावर हे काढून बघा. कंपाउंडच्या कडेने तीन फुटी वाफा. त्याहून रुंद नको, कारण मागे भिंत आहे आणि एकाच बाजूने हात घालून निंदायचं आहे. वायव्येच्या कोपऱ्यात तो वाफा पाच बाय पाचचा करा, तिथे एक झाड येईल. पूर्वेच्या भिंतीला लागून सात फूट लांब विटांचा कट्टा. त्यावर बसलं की तोंड पश्चिमेला, यवतेश्वरकडे. बाकी सगळी फरशी.

तो डोंगर तुमच्या बागेचाच भाग धरा. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर बांधलेलं. मूळ कोराकुएनमध्ये लांबची मिसाओ टेकडी मुद्दाम देखाव्यात घेतली आहे. तुम्हाला ती सोय फुकट मिळाली आहे, म्हणून पश्चिमेच्या भिंतीवर जाळी, वेल, मंडप असलं काही चढवू नका. झाड वायव्येला सांगितलं त्याला कारण आहे. उन्हाळ्यात सूर्य वायव्येकडे मावळतो, चारनंतरची तिरपी, भाजणारी उन्हं तिकडूनच येतात. झाड त्यांना अडवेल आणि डोंगर उघडा राहील.

फरशीबद्दल जरा जास्त सांगते, कारण साताऱ्याच्या काळ्या मातीत बजेट वाया जातं ते इथेच. काळी माती पाण्याने फुगते, उन्हात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट फरशी बसवली की दोन पावसाळ्यांत फरश्या वर-खाली होतात. आणि घरात गुडघ्यांनी अधू झालेलं माणूस असताना अर्ध्या इंचाची उचललेली कडसुद्धा धोक्याची. राडारोडा आणि काळी माती मिळून फूटभर काढा. मुरूम सहा-सहा इंचांच्या दोन थरांत भरा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मसाने ठोकून घट्ट बसवा. वर दोन इंच कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, आणि मग शहाबादी फरशी, बिनपॉलिशची, हाताला खरखरीत लागणारी. सांधे अर्ध्या इंचाचे ठेवून त्यातही कचच भरा, पाणी तिथूनच जिरेल. पॉलिश केलेला कडप्पा दिसायला छान, पण मेमध्ये त्यावर पाय ठेववत नाही आणि पावसाळ्यात तो निसरडा होतो. उतार घराकडून कंपाउंडकडे, फुटाला पाव इंच. अकरा फुटांना पावणेतीन इंच होतो. गवंडी म्हणेल एवढा कशाला, तरी लेव्हल पाइप लावून तेवढाच घ्या.

कट्टा फरशीपासून १८ इंच उंच, २० इंच रुंद, वरची फरशी पुढे इंचभर बाहेर काढलेली. त्याच्या पोटात एक कप्पा ठेवा, खुरपं, कात्री, पाइप तिथे राहतील. छोट्या जागेत बैठक बांधीव असलेली बरी, कारण चार खुर्च्या नि टेबल आणलं की जागा भरली. कट्ट्याशिवाय एकच चांगली खुर्ची लागेल, ती दादांची. हात असलेली, बैठक १८-१९ इंच उंच, आणि मागच्या दाराजवळ भिंतीला पाठ करून ठेवलेली. घरात जुनी सागवानी खुर्ची असेल तर तीच बाहेर काढा, दरवर्षी पावसाळ्याआधी जवसाचं तेल चोळा नि पावसाळ्यात आत घ्या. पातळ लोखंडी खुर्च्या घेऊ नका. त्यांचे पाय आधी गंजतात आणि फरशीवर न जाणारे तांबडे डाग पडतात.

कृत्रिम हिरवळीला माझा सरळ विरोध आहे. उन्हात ते प्लास्टिक फरशीपेक्षाही तापतं, तुमची लेक त्यावर मेमध्ये अनवाणी उभी राहू शकणार नाही. आणि खरी हिरवळ तुमच्याकडे नोव्हेंबर ते जानेवारी उन्हावाचून विरळ होईल. त्या पैशांत मुरूम नीट भरा.

रोज_रोज

मातीकाम यांनी फरशीचं सांगितलंच आहे, मी पायऱ्यांचं सांगतो. मी ज्येष्ठांच्या घरी जाऊन फिजिओथेरपी देतो. बहुतेक ठिकाणी माणूस बागेत जात नाही त्याचं कारण मागच्या दाराची एकच उंच पायरी हे असतं. सात-आठ इंचांची एक पायरी असेल तर तिच्या पाच इंचांच्या आतल्या दोन करा, प्रत्येकीचा पाय टेकायचा भाग निदान फूटभर. एका बाजूला दीड इंची पाइपचा कठडा, तोही शेवटच्या पायरीच्या पुढे फूटभर नेलेला, कारण तोल जातो तो बहुधा शेवटच्या पायरीवरून जमिनीवर येताना. पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी द्या. संध्याकाळी नजर कमी झालेल्यांना करड्या फरशीवर करडी पायरी दिसत नाही. दिवा पायरीच्या उंचीवर लावा, डोळ्यांवर येणारा फ्लडलाइट नको.

वाशिष्ठीकाठ

आमचं चिपळूण, त्यामुळे पाण्याबद्दल बोलायचा हक्क आहे. गच्चीचं पाणी थेट चेंबरमध्ये सोडू नका. आमच्याकडे न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू, कर्दळ, केळ असतेच. तुमच्या ईशान्येच्या कोपऱ्यात पाइपच्या तोंडाशी दोन फूट खोल खड्डा करून तळाला दगड, वर वाळू, वर माती भरा. त्यात कर्दळ, सोनटक्का, अळू लावा. जास्तीचं पाणी चेंबरला जाईल अशी तोंडाजवळ एक फट ठेवा. सोनटक्क्याला अर्धी सावली आणि ओल आवडते, पावसाळ्याच्या शेवटी फुलतो नि संध्याकाळी परसभर वास येतो. अळू मात्र मुलीला कच्चं तोंडात घालायचं नाही म्हणून सांगून ठेवा, घसा खाजतो.

एक आग्रह. पाणी कुठेही आठवडाभर साचून राहू देऊ नका. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. कुंड्यांखालच्या बशा हे त्याचं हक्काचं घर. बशा ठेवूच नका, कुंडी दोन विटांवर ठेवा. कमळाची हौस असेल तर त्या कुंडात गप्पी मासे सोडा.

शाहूपुरीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. सावलीचा हिशेब वाचून यजमान आज दुपारी टेप घेऊन परसात गेले. कंपाउंडला काठी लावून पाहिलं तर सावली खरोखर भिंतीच्या डोक्यावरून वर जाते आहे. हिरवळीचा विषय त्यांनी स्वतःच सोडला.

झोपाळ्यावर मात्र अडून बसले आहेत. मागच्या दारावरच्या छज्ज्याला कड्या मारून चार फुटी झोपाळा टांगायचं त्यांच्या मनात आहे. दुसरं, तुळशीवृंदावन कुठे ठेवायचं? सासूबाईंना ते स्वयंपाकघराच्या दारातून दिसायला हवं. आणि मातीकाम, आता झाडांचंही सांगा ना.

मातीकाम (वाई)

यजमानांनी मोजून पाहिलं हे फार छान केलं.

छज्ज्याला कड्या अजिबात नकोत. तो भिंतीतून बाहेर काढलेला पातळ स्लॅब असतो, ऊन-पाऊस अडवण्यापुरता. त्यावर माणसांचं हलतं वजन टांगणं म्हणजे जिवाशी खेळ, आणि त्याच्याखालीच तुमची ये-जा. झोपाळा हवाच असेल तर स्वतंत्र लोखंडी चौकट, चारी खांब काँक्रीटमध्ये दीड-दोन फूट गाडलेले. पण मग मागे-पुढे तीन-तीन फूट मोकळे लागतात, बैठक धरून आठ फूट गेले. अकरा फुटांतले आठ. दादांना तर हलत्या बैठकीवरून उठता येणार नाही. तुमच्याकडे झाकलेली गच्ची किंवा जिन्यावरचा मजबूत स्लॅब असेल तर झोपाळा तिकडे न्या, इंजिनिअरला दाखवून. परसात मुलीसाठी वायव्येच्या झाडाखाली तीन बाय चारची मातीची जागा सोडा. पाच वर्षांच्या मुलाला खणायला मिळालं की आणखी काही लागत नाही.

तुळशीवृंदावन स्वयंपाकघराच्या दारासमोर, उत्तरेच्या वाफ्यात, तीन फूट उंच चौथऱ्यावर. चौथऱ्यामुळे तिला जमिनीपेक्षा थोडे जास्त दिवस ऊन मिळेल, तरी नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत दुपारचं ऊन नसेलच. म्हणून वृंदावनात तुळस थेट न लावता कुंडी बसेल असा खण ठेवा. दोन कुंड्या करा, तुळशीचं लग्न झालं की एक गच्चीवर उन्हात, एक खाली, पंधरा दिवसांनी अदलाबदल.

आता झाडं. उन्हाच्या पट्टीत पहिला मोगरा. त्याला बहराच्या वेळी कडक ऊन लागतं आणि बहर येतो मार्च ते जूनमध्ये. तुमच्या वाफ्यात ऊन परत येतं फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. जानेवारीअखेर पानं काढून छाटणी करायची, पाणी थोडं तोडायचं, मग शेणखत द्यायचं. ऊन आलं की फुटवे आणि कळ्या एकदमच येतात. उत्तरेच्या परसात मोगरा होत नाही असं जे म्हणतात त्यांनी तो घराच्या भिंतीला लावलेला असतो. तीन रोपं पुरेत, दोन-दोन फुटांवर.

मागच्या भिंतीवर आठ फुटांपर्यंत तारेची जाळी, तिच्यावर जुई. सहा फुटांवरचा वेल डिसेंबरच्या दुपारीही उन्हात असतो हे वर आलंच आहे. जुई हलकी असते, जाळी ओढत नाही. मधुमालती लावू नका. फुलं गोड, पण चार वर्षांत ती शेजाऱ्यांच्या गच्चीवर पोचते आणि तिच्या वजनाने जाळी खाली येते.

वायव्येला प्राजक्त. बारा फुटांच्या आत छाटून ठेवता येतो, पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत फुलतो, आणि जमिनीवर पडलेलं फूल देवाला चालतं ते याचंच, त्यामुळे सासूबाईंना सकाळी फांद्या वाकवायला नकोत. खाली फरशी नको, मातीच ठेवा, ओल्या फुलांवर पाय घसरतो. छाटणी फेब्रुवारीत. पावसाळ्यात त्यावर सुरवंट दिसले तर पोरीला लांब ठेवून फांदीच कापून टाका. शेवगा लावायचा मोह कोणी घालेल, नको म्हणा. त्यावर पावसाळ्यात केसाळ सुरवंटांची रांगच लागते आणि फांदी वाऱ्याने काडकन मोडते.

त्यांच्या मधल्या जागेत अबोली आणि तगर, दोन्हींना अर्धी सावली चालते, दोन्ही पूजेला उपयोगी. तगरीची फुलं जवळजवळ बारमाही. जास्वंद एकच, कट्ट्यापासून लांब, कारण तिच्यावर पिठ्या ढेकूण येतो आणि तो कपड्यांना लागतो. आला की लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल नि थोडं साबणाचं पाणी ढवळून संध्याकाळी फवारायचं. कण्हेर पूजेला चालते, पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि तुमच्या घरात लहान मूल आहे. नकोच.

घराच्या भिंतीला लागून जमिनीत काहीही लावू नका, पायाला ओल जाते. तिथे कुंड्या, आणि त्याही मोजक्या. दादांच्या खुर्चीच्या हाताशी एक कुंडी पानओव्याची, एक अनंताची. बसल्या बसल्या पान चुरगाळून वास घेता येतो. माझे वडील शेवटची वर्षं असेच बसायचे. मला घरगुती बागांच्या कामाची ओढ लागली ती त्यांच्या त्या बसण्यामुळे, म्हणून दादांच्या खुर्चीबद्दल एवढं लिहिलं.

खर्चाचा क्रम असा धरा. सगळ्यात आधी खणणं, मुरूम, पायऱ्या, फरशी आणि वाशिष्ठीकाठ म्हणतात तो पाण्याचा खड्डा. बहुतेक पैसे इथे जातील, जाऊ द्या. मग कट्टा, कठडा आणि दिव्यांची वायर. वायर पाइपमधून फरशीखालून आत्ताच टाकून घ्या, आणि बाहेरच्या लाइनला अर्थ लिकेज ब्रेकर, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, हवाच. वृंदावन आणि जाळी त्यानंतर. रोपं अगदी शेवटी. रोपं स्वस्त असतात आणि वर्षभरात वाढतात, मोठी कुंडीतली झाडं विकत आणून जागा भरायची घाई नको. खणकाम-फरशी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उरका, वाफे मेमध्ये तापू द्या, रोपं मृगाचा पाऊस पडल्यावर लावा.

आणि खणून निघालेली काळी माती ट्रॉलीवाल्याला देऊन टाकू नका. राडारोडा चाळून बाजूला करा. एक भाग काळी माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत, सोबत वाफ्याला दोन-तीन किलो निंबोळी पेंड. तुमच्या वाफ्यांना बाहेरची लाल माती आणावीच लागणार नाही.

शाहूपुरीकर

गवंडी सोमवारी येतो आहे, त्याला हे सगळं वाचून दाखवणार. दादांना खुर्चीचं सांगितलं तर ते लगेच माळ्यावरची आजोबांची आरामखुर्ची काढा म्हणाले. तिची बैठक मोजली, १४ इंच भरते आणि मागे कललेली आहे. ती चालेल का?

रोज_रोज

नको. इतक्या खालून आणि मागे कलून बसलेल्या माणसाला उठताना गुडघ्यांवर सगळा भार येतो. ती आत राहू द्या. बाहेर सरळ पाठीची, हातांची, १८ इंचीच घ्या, आणि विकत घेण्याआधी दादांना दुकानात नेऊन तिच्यावरून दोन-तीनदा उठायला सांगा.